चारही पट्टे खुंटीवरच होते

फोन आला तेव्हा दिगूचे चारही पट्टे पत्र्याच्या शेडमध्ये खुंटीवर लटकत होते. मी त्यांच्याकडेच बघत होते आणि मनातल्या मनात शिव्या घालत होते. लग्नघर होतं. दुसऱ्या दिवशी अश्विनीला हळद लागायची होती, अंगणात मांडव पडला होता, शेडमध्ये चूल मांडून आम्ही बायका बुंदी पाडत होतो. अश्विनी म्हणजे माझी भाची, माझ्या धाकट्या भावाची, दिगूची, एकुलती एक लेक. तिच्या दोन्ही हातांवर ओली मेंदी, म्हणून तिचा वाजणारा फोन मी उचलला. पलीकडे रामकिशन होता, आमचा चुलतभाऊ. ही सोयरीक त्यानंच जुळवलेली. "अक्का... दिगू गाडीखाली आला," म्हणाला. मी म्हटलं, "कोणाच्या गाडीखाली?" तो मग म्हणाला, "कोणाच्या न्हाई अक्का. आपल्याच. नव्या मोटारसायकलखाली." मी विचारलं, "बांधली होती का?" माणूस जिवंत आहे का, हे विचारायच्या आधी माझ्या तोंडातून हे गेलं. तो गप्पच राहिला, आणि त्या गप्प राहण्यातून मला दोन्हीची उत्तरं मिळाली.

त्याला आता काही आठवडे झाले. घरी भेटायला येणारे अजून येतात. चटईवर बसतात, पदर डोळ्याला लावतात आणि म्हणतात, "नशिबात होतं." "देवाला आवडला." सुरुवातीला मी ऐकून घेतलं. आता ऐकून घेत नाही. देवाला कशाला मधे ओढता? देवानं काय ट्रॉली आणली होती? देव म्हणाला होता का, की पट्टे नको म्हणून? एकजण मला म्हणाले, तुम्ही शाळा शिकवलेल्या बाई, तुम्हीच असं बोलायला लागलात तर कसं. मी म्हटलं, शिकवलं म्हणूनच बोलायलेय. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना कार्यकारणभाव शिकवला, आणि माझा सख्खा भाऊ कशानं मेला ते मला नीट ठाऊक आहे. हा लेख लिहायचं दुसरं कारण असं, की ज्यांच्यापायी तो गेला त्या मुलाकडच्यांचा निरोप परत आला. लग्न वर्षाच्या आत उरकू म्हणे. वर्ष उलटलं तर तीन वर्षं थांबावं लागतं, तेव्हा पोरीचं वय होईल म्हणे. आणि हो, ती गाडी तेवढी दुरुस्त करून ठेवा. तीच गाडी, तेच लग्न, मागणारेही तेच. त्या घरात अश्विनीनं जायचं की नाही, एवढाच सवाल आता आमच्या घरात होता.

पण आधी दिगू. दिगंबर नाव, पण आमच्या झरी गावात त्याला दिगंबर म्हणून कोणी ओळखत नाही. माझ्या पाठचा, माझ्याहून पुष्कळ लहान. आमच्या घरी पिढीजात शेरडं-मेंढरं. बाप कळप घेऊन हिंडायचा, आई दुसऱ्यांच्या रानात रोजानं जायची, आणि दिगू माझ्या काखेत. पोरगं लहानपणापासून तापट. कोकराला खुंटीला कोणी आखूड बांधलं तर हा जाऊन सोडायचा, लांब बांधलं तर भांडायचा, "फास बसंल ना!" बाप हसायचा. म्हणायचा, हे माझं पोरगं दोरी घेऊनच जन्माला आलंय. शाळेत तो रमला नाही. माझ्याच वर्गात होता, आणि माझाच मार खाऊनही रमला नाही. पुढं परभणीत एका गॅरेजात लागला, मग जुनी जीप घेतली आणि तिच्यामागं जोडायला दोन चाकांचा लोखंडी ट्रेलर बनवून घेतला. आम्ही त्या ट्रेलरला गाडा म्हणायचो. रस्त्यात बंद पडलेल्या, आपटलेल्या मोटारसायकली गाड्यावर घालून गॅरेजला पोचवायच्या, हा त्याचा धंदा. कृषी विद्यापीठातली पोरं शिक्षण संपवून गावी निघाली की त्यांच्या गाड्याही हाच पोचवायचा. स्टेशनावर पार्सलनं आलेल्या गाड्या खेड्यापाड्यात नेऊन द्यायचा. बोलण्यात गोडवा नावाला नाही. गिऱ्हाइकाशी भांडल्याशिवाय त्याचा दिवस जात नसे, आणि तरी गिऱ्हाईक परत त्याच्याचकडे यायचं.

धंद्याच्या सुरुवातीलाच त्यानं एक गाडी पाडली होती. नायलॉनची दोरी, साइड स्टँडवर उभी केलेली गाडी, हँडलला दोन वेढे आणि मागच्या कॅरियरला एक गाठ. सगळे तसंच बांधतात, यानंही बांधली. बोरी गावाच्या अलीकडे गतिरोधकावर गाडा उडाला, गाडी स्प्रिंगवर खाली बसली, दोरी ढिली झाली, गाडी वर आली आणि आडवी झाली ती थेट रस्त्यावर. मागून कोणी येत नव्हतं म्हणून वाचलं. त्या रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे परभणीला आला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसला आणि म्हणाला, "अक्का, मागं एखादं लेकरू सायकलवर असतं तर?" मी म्हटलं, नव्हतं ना. तर माझ्यावरच खेकसला, "नव्हतं म्हणजे काय? हे काय उत्तर झालं?" मग कुठून कुठून विचारून, ट्रकवाल्यांना चहा पाजून, ते पिवळे पट्टे त्यानं आणले. एका टोकाला लोखंडी आकडा, मधे खटका. खटका वरखाली केला की कट् कट् करत पट्टा आवळत जातो. अश्विनी तेव्हा लहान होती, तिनं त्या पट्ट्यांचं नाव ठेवलं कटकट्या. पुढं हेच नाव घरात तिच्या बापाला पडलं. ते त्याला आवडायचं, असं मला वाटतं.

त्याचं बांधणं बघायला रस्त्यानं जाणारे थांबायचे. मला ते पाठ आहे, कारण पेन्शनीत आल्यावर मी झरीलाच त्याच्याकडे राहायला आले आणि रोज ते बघत आले. गाड्याच्या तोंडाशी लाकडाची खाच केलेली, पुढचं चाक त्या खाचेत जाऊन बसलं पाहिजे. गाडी सरळ उभी, साइड स्टँड वर. स्टँडवर कलून उभी केलेली गाडी म्हणजे लंगडा माणूस, म्हणायचा, बांधायच्या आधीच अर्धी पडलेली. मग पुढचे दोन पट्टे. मुठींना नाही, मूठ फिरते, घसरते. हँडलच्या खाली जिथं गाडीचा लोखंडी गळा आहे तिथं. एक डावीकडं पुढं, एक उजवीकडं पुढं, आणि दोन्ही एकदम थोडे थोडे आवळायचे, म्हणजे पुढचे शॉकअप अर्धे दाबले जातात. "गाडी स्प्रिंगवर नाचती अक्का. तिचं नाचणं निघायच्या आधीच संपवायचं." पार तळाला दाबायचं नाही, सील फाटतं. मग मागचे दोन, मागं आणि बाजूला ओढलेले. पट्टा जिथं रंगाला लागेल तिथं माझ्या जुन्या लुगड्याची चिंधी. पट्ट्याची लोंबती टोकं बांधून टाकायची, वाऱ्यानं फडफडून ती सैल होतात. गाडी गिअरमध्ये. आणि शेवटी, हे सगळं झाल्यावर, तो गाडीचं सीट दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायचा. गाडी आणि गाडा दोन्ही एकजीव झाले पाहिजेत. "गाडी हलली न्हाई पाहिजे. गाडा हलला पाहिजे." गाडी नुसती चुळबुळली तरी पुन्हा सगळं सोडून पहिल्यापासून. निघाल्यावर थोडं अंतर गेलं की थांबून परत आवळायचं. गिऱ्हाईक बेजार व्हायचं. एकानं म्हटलं, "भाऊ, एवढा वेळ तर माझ्या लग्नाला लागला न्हाई." दिगू म्हणाला, "म्हणूनच बायको माहेरी गेली का?" भांडण व्हायचंच, पण गाडी पोचायची.

त्याला कशाची चीड होती म्हणाल, तर एका वाक्याची. हे वाक्य आमच्या मुलखात जिथं तिथं ऐकू येतं. टेम्पो, ट्रॅक्टरची ट्रॉली, पिकअप, काहीही असो, त्यात मोटारसायकल चढवायची आणि दोरी शोधायचा कंटाळा आला की कोणीतरी म्हणतो, "राहू द्या हो, मी धरून बसतो की!" आणि बसतो. एक माणूस त्या लोखंडाला बिलगून बसतो, वर बाकीचे त्याला हसतात, आणि अशी वरात बिनघोर रस्त्यानं जायला लागते. दिगूला हे दिसलं की त्याचं डोकंच फिरायचं. जीप आडवी घालून समोरची गाडी थांबवायचा. एकदा मी जीपमध्ये होते, जिंतूर रोडवर एका पिकअपला असंच थांबवलं. मागं दोघं गाडी धरून बसलेले, त्यातला एक म्हातारा. दिगू वर चढला आणि ओरडला, "माणूस म्हंजी दोरी हाय का? दोरी तुटली तर दुसरी मिळती, ह्यो बुढा तुटला तर कुठून आणशील?" पिकअपवाला म्हणाला, तुझ्या बापाचं काय जातं? दिगूनं आपले पट्टे काढले, ती गाडी बांधून दिली, म्हाताऱ्याला खाली उतरवून केबिनमध्ये बसवलं, आणि पट्टे झरीला परत आणून दे म्हणाला. ते पट्टे परत आले नाहीत. त्यानं नवे आणले. मी म्हटलं, किती जणांना देत बसशील? तर म्हणाला, "मंग काय बघत बसू?"

असा हा माणूस. आणि हाच माणूस मुलीचा बाप झाला की काय होतो, ते मी डोळ्यांनी पाहिलं. अश्विनीची सोयरीक जमली. मुलगा येलदरीच्या बाजूच्या एका गावचा, शेती बरी, दिसायला नीट, अश्विनीलाही पसंत. ती परभणीत एका रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, दोघांचं फोनवर बोलणं सुरू झालं होतं. हुंडा नको म्हणाले. किती चांगली माणसं, असं सगळे म्हणाले. मग म्हणाले, मुलाला तेवढी येण्याजाण्याला एक गाडी, आंदण म्हणून, तुमच्या खुशीनं. खुशी! तुमच्या खुशीनं म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे एकदा नीट बघावं. दिगूनं गाडी घेतली. काळी, मोठी, टाकीवर चकचकीत पट्टा. पुढं म्हणाले, नवरदेव लग्नाला निघताना आधी गावच्या मारुतीला जातो, तो नव्या गाडीवरच गेला पाहिजे, म्हणून गाडी हळदीच्या आदल्या दिवशीच आमच्या दारात हवी. आणि तिच्यावर नवरदेवाच्या आधी कोणी बसायचं नाही. मीटरवर शून्य पाहिजे. बघा म्हणजे. जी वस्तू स्वतःच्या चाकांवर सुखानं चालत गेली असती, तिला चालवायचं नाही. बरं, मग दिगूच्या गाड्यावर बांधून नेऊ, तर तेही नाही.

तेही नाही, हे कळलं त्या दिवशी सकाळी. व्याह्यांचा ट्रॅक्टर दारात आला. ट्रॉलीला केळीचे खुंट बांधलेले, वर भोंगा, चार माणसं फेटे बांधून. व्याही स्वतः आले होते. दिगूनं जीपला गाडा जोडून ठेवला होता, खाच झाडून ठेवली होती, पट्टे धुऊन वाळवले होते. चिंध्यासुद्धा नव्या, माझ्या जरीच्या लुगड्याच्या. व्याह्यांनी गाड्याकडं बघितलं आणि म्हणाले, "ह्याच्यावर तुमी मोडक्या गाड्या न्हेता ना? आपटलेल्या, मेलेल्या मान्साच्या? नवरदेवाची गाडी ह्याच्यावरनं?" दिगू म्हणाला, "बरं, तुमच्या ट्रॉलीत घालू. मी बांधून देतो." तो पट्टे घेऊन आला. तर व्याह्यांचा थोरला भाऊ पुढं झाला, "आवो, नव्या गाडीच्या गळ्यात फास टाकायलाय का? जनावर हाय का ते? हार घालायच्या जागी पट्टा? अपशकुन करू नका." आणि दुसरा म्हणाला, रंगाला चरा पडेल. मी दिगूच्या तोंडाकडं बघत होते. मला वाटलं आता फुटतो. जिंतूर रोडवर अनोळखी पिकअपवर चढून ओरडणारा माझा भाऊ आता ह्यांच्या बापजाद्यांचा उद्धार करतो. आणि तो नुसता उभा. हातात पट्टे.

मी गप्प बसले नाही. मी चुलीपासून उठून तशीच पिठाच्या हातानं बाहेर आले आणि म्हणाले, "पट्ट्याशिवाय गाडी जाणार नाही." व्याही हसले. "बाई, तुमी बुंदी बघा." रामकिशन मधे आला, मला बाजूला घेऊन म्हणाला, "अक्का, कामून खोडा घालायलीस? हळद तोंडावर आली. ते फिरले तर पोरीचं काय?" मी दिगूला म्हटलं, "तू बोल. तू काय मुका झालास?" तर तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "अक्का, पोरीचं लग्न हाय." एवढंच. शेडमध्ये गेला आणि चारही पट्टे एकेक करून खुंटीला अडकवले. गाडी डबल स्टँडवर ट्रॉलीत उभी केली, हार घातला, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. सीटवर कोणी बसायचं नाही, म्हणून त्यांच्याबरोबर आलेला एक गडी ट्रॉलीच्या कडेला अंग चोरून बसला आणि म्हणाला, "चला, मी धरून बसतो." ते वाक्य. त्यावर मात्र दिगू चटकन वर चढला. त्या गड्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "उतर बाबा. तू न्हाई. तुला घरी लेकरं असतील." आणि त्या जागी, गाडी आणि ट्रॉलीची लोखंडी बाजू यांच्या मधल्या बोळात, स्वतः बसला. भोंगा सुरू झाला. मला हात करून म्हणाला, "सोडून लगेच येतो." माझ्या भावाचं मला ऐकू आलेलं हे शेवटचं बोलणं. मी हात केला नाही. माझ्या हाताला पीठ होतं आणि डोक्यात जाळ होता.

पुढचं रामकिशननं सांगितलं, तो ट्रॅक्टरच्या चाकावरच्या जागेवर बसला होता. जिंतूर मागं पडलं, येलदरीच्या रस्त्याला लागले, आणि वळणापलीकडं शेरडांचा कळप रस्ता ओलांडत होता. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. मारायलाच पाहिजे होता, त्याची चूक नाही. शेरडं राखणाराचीही नाही. आमच्या बापाचा कळप असाच रस्ता ओलांडायचा. गाडी स्टँडवरून पुढं सरकली, स्टँड मिटलं आणि तेवढं लोखंड दिगूच्या अंगावर आलं. त्यानं हात सोडले नाहीत, असं रामकिशन म्हणतो. सोडले असते, बाजूला उडी मारली असती, तर कदाचित... पण गाडी पडली असती. रंगाला चरा पडला असता. पोरीचं लग्न होतं. डोकं ट्रॉलीच्या बाजूवर आपटलं, छातीवर हँडल आलं. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. गाडीचं पुढचं चाक वाकलं, टाकीला एक पोचा आला. मीटरवर मात्र शून्य. घ्या तुमचं शून्य.

दहाव्याला व्याही आले. पागोट्याला हात लावून बसले, म्हणाले, "लय वंगाळ झालं. पण इलाज न्हाई." इलाज होता, मी म्हटलं, त्या तिथं खुंटीवर लटकतोय. लोकांनी मला आत नेलं. आणि मग परवा रामकिशन तो निरोप घेऊन आला. कांता, म्हणजे दिगूची बायको, भिंतीला टेकून बसलेली. तिच्यात हो किंवा नाही म्हणायचं त्राणच नाही. रामकिशन समजावत होता, मोडलेल्या लग्नाची पोर, पांढऱ्या पायाची म्हणतील लोक, पुन्हा स्थळ येणार नाही, दिगूच्या आत्म्याला काय वाटेल. मला वाटलं उठून याच्या दोन थोबाडीत द्याव्यात. पण अश्विनी दारात उभी होती आणि ती म्हणाली, "थांब आत्या." तिनं आमच्या सगळ्यांसमोर त्या मुलाला फोन लावला, स्पीकरवर टाकला. सरळ विचारलं, "त्या दिवशी पट्टे नको कोण म्हणालं होतं? तुमी, का तुमचे वडील?" मुलगा चाचरला. म्हणाला, "तसं एक कोणी न्हाई... सगळेच म्हणले. घरातला रिवाजच हाय." अश्विनीनं विचारलं, "आणि तुमी?" तो मग म्हणाला, "मी काय बोलणार? मोठे होते." अश्विनी म्हणाली, "माझे वडील पण काहीच बोलले न्हाईत. एक दिवस बोलले न्हाईत." फोन ठेवला आणि रामकिशनला म्हणाली, "काका, लग्न होणार न्हाई. गाडी मी दुरुस्त करणार हाय, पण ती मी चालवणार. लॅबला जायला." रामकिशननं तोंड उघडलं. मी म्हटलं, रामकिशन, तुझ्या तोंडातून आज एक शब्द बाहेर आला तर बघ. पोरगी आत जाऊन खूप रडली. तो मुलगा तिला खरंच आवडला होता. मला हे ठाऊक आहे, आणि त्याचाही हिशोब मी त्या घरावरच टाकते.

काल आमच्या अंगणात पडून असलेली ती गाडी परभणीला दुरुस्तीला न्यायची होती. वाकलेल्या चाकानं चालत जाणं शक्य नव्हतं, म्हणून दिगूचा गाडा. अश्विनीनं एका बादलीत पाणी घेतलं आणि आधी टाकीवरचं वाळलेलं स्वस्तिक पुसलं, हाराचा दोरा तोडला. जीप चालवायला शेजारचा माणूस आला, आणि गाडी वर ढकलायला रामकिशनही आला. बोलावलं नव्हतं, तरी आला. त्याचाही भाऊ होता, हे मी विसरत नाही. वाकलेलं चाक खाचेत नीट बसेना, ते कसंबसं बसवेपर्यंत सगळे घामाघूम झाले. अश्विनी शेडमध्ये पट्टे आणायला वळली, तेवढ्यात रामकिशन गाड्यावर चढला, गाडीला टेकून बसला, हँडलला हात घातला आणि म्हणाला, "राहू दे गं पोरी, कशाला एवढा ताप? इथून परभणी तर हाय. मी धरून बसतो की."

मी त्याच्याकडं बघतच राहिले. त्याला काही कळलंच नव्हतं. त्याच्या तोंडावर पाप नव्हतं, कपट नव्हतं. त्याला मदत करायची होती, एवढंच. तो ट्रॅक्टरवर बसून सगळं बघत होता, त्यानंच दिगूला गाडीखालून काढलं, त्याच्याच अंगावरच्या कपड्यांना रक्त लागलं, आणि तरीही त्याच्या तोंडातून तेच वाक्य आलं. त्या घटकेला मला कळलं की मी व्याह्यांवर चिडून काही उपयोग नाही, हे वाक्य आमच्या सगळ्यांच्या हाडात मुरलेलं आहे. आणि हे कळून माझा राग कमी झाला असं नाही. वाढला. अश्विनी शेडच्या दारात चारही पट्टे खांद्यावर टाकून उभी होती. अगदी शांतपणे म्हणाली, "उतरा काका." तो म्हणाला, "अगं पण..." मग मात्र ती ओरडली, पार गल्ली गोळा होईल अशी, आणि आवाज दिगूचा, अस्सल दिगूचा, "उतरा म्हणते ना! माणूस म्हंजी दोरी हाय का?" रामकिशन उतरला. गाड्याच्या चाकापाशी खाली बसला आणि त्या दिवसापासून पहिल्यांदा हुंदके देऊन रडला.

अश्विनीनं बांधलं. पुढचे दोन, हँडलच्या खाली. माझ्या जरीच्या लुगड्याच्या त्याच चिंध्या, नवरदेवाच्या गाडीसाठी काढलेल्या. कट् कट् कट्... शॉकअप अर्धे बसले. मागचे दोन. लोंबती टोकं गाठीत. मग तिनं माझ्याकडं बघितलं, म्हणाली, "आत्या, तू हलवून बघ. माझ्या हातात जोर राहिला न्हाई." मी गाड्यावर चढले. या वयात, या गुडघ्यांनी, कांतानं मागून आधार दिला. सीट दोन्ही हातांनी धरलं आणि हलवलं. गाडी चुळबुळली, अगदी जराशी. कोणाला कळलंही नसतं. मी म्हटलं, "सोड. पुन्हा बांध." अश्विनीनं सगळे पट्टे सोडले आणि पहिल्यापासून आवळले. मी पुन्हा धरलं आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून, गेल्या सगळ्या आठवड्यांचा राग लावून, गदागदा हलवलं. गाडा हलला. जीप हलली. माझ्या पायाखालचं सगळं हललं.

गाडी जागची हलली नाही.